मायक्रोआरएनए आणि जनावरांतील मेदसंचय

जनुकाचा संदेश प्रथिनात किती उतरावा यावर लगाम ठेवणाऱ्या, सुमारे 22 न्यूक्लिओटाइड (म्हणजे आरएनएची ‘अक्षरे’) लांबीच्या आरएनए रेणूंना मायक्रोआरएनए म्हणतात. शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशींच्या अंगात चरबी किती साठते आणि कुठे साठते, यात त्यांचा वाटा असतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना 1993 मध्ये यांचा पहिला सुगावा लागला तो एका सूक्ष्म गोलकृमीत. त्यासाठी 2024 चे नोबेल त्यांना मिळाले.

मायक्रोआरएनए स्वतः प्रथिन तयार करत नाहीत. लांब रेणूतून ड्रोशा आणि डायसर ही विकरे त्यांना कापून काढतात. मग आर्गोनॉट प्रथिनावर बसून ते संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडील भागात आपल्या क्रमाशी जुळणारी जागा शोधतात. त्यासाठी दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतची जुळणीही बऱ्याचदा पुरते. जागा सापडली की संदेश नष्ट होतो किंवा त्यापासून प्रथिन बनण्याचे काम मंदावते. जुळणी इतकी थोडकी असल्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावू शकतो. म्हणूनच एखाद्याला सरसकट ‘चरबीचा मायक्रोआरएनए’ म्हणणे चूक ठरते.

चरबीची पेशी घडण्यात पीपीएआर-गॅमा हे प्रथिन कळीचे असते. एमआयआर-27 आणि एमआयआर-130 हे मायक्रोआरएनए (‘एमआयआर’ हे त्यांच्या नावातले लघुरूप) त्याला दाबतात, त्यामुळे नव्या मेदपेशी कमी तयार होतात. एमआयआर-143 उलट त्यांच्या घडणीला साथ देतो.

सोलापूर जिल्ह्यात या विषयाचा सर्वात जवळचा दुवा मटणापेक्षा दुधात सापडतो. पंढरपुरी म्हैस ही इथली ओळख, आणि संकलन केंद्रावर दुधाचा भाव फॅट व एसएनएफ (मेद सोडून उरलेले घन घटक) यांवर ठरतो. ‘आज फॅट लागली नाही’ ही रोजची तक्रार. दुभत्या शेळीच्या कासेतील पेशींवरच्या प्रयोगांत एमआयआर-103 वाढवल्यावर दुधातील मेदाची निर्मिती वाढली, तर एमआयआर-27ए वाढवल्यावर ती घटली. पण हे प्रयोग प्रयोगशाळेतील पेशींवरचे आहेत. गोठ्यात फॅट उतरण्याचे कारण बहुधा दावणीतच मिळते. कडब्यासारख्या तंतुमय चाऱ्यापासून पोटात ॲसिटेट बनते आणि त्यातून दुधातला मेद तयार होतो. कडबा कमी करून खुराकाचा मारा केला की फॅट पडते. आहार बदलला की ऊतींमधील मायक्रोआरएनएचे प्रमाणही बदलते, हे गोवंशात दिसून आले आहे. त्यामुळे एखाद्या नमुन्यातील फरक जातीचा की चाऱ्याचा, हे आधी तपासावे लागते. माळरानावर चरणाऱ्या कळपाची बंदिस्त कळपाशी सरळ तुलना करून काढलेले निष्कर्ष फारसे विश्वासाचे नसतात.

चरबी कुठे साठते हा प्रश्न मटणवाल्यालाही कळतो. शेळीची चरबी मुख्यतः पोटात, आतड्यांच्या व मूत्रपिंडांच्या भोवती जमते. कातडीखाली आणि मांसाच्या तंतूंमध्ये कमी. उस्मानाबादी बोकड सोलला की हे उघड दिसते. प्रत्येक ठिकाणच्या चरबीत मायक्रोआरएनएचा संच वेगळा असल्याने ‘जनावराची चरबी’ म्हणून एकच नमुना घेणे अपुरे पडते.

सर्वात पक्का पुरावा मात्र टेक्सेल या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या मेंढीचा आहे. तिच्या मायोस्टॅटिन जनुकाच्या शेपटाकडे डीएनएतील ‘जी’ या अक्षराच्या जागी ‘ए’ आला आणि एमआयआर-1 व एमआयआर-206 यांना बसायला नवी जागा तयार झाली. हे दोन्ही स्नायूंत भरपूर असतात. स्नायूंची वाढ रोखणारे मायोस्टॅटिन त्यामुळे कमी बनले, मांस भरले आणि चरबी घटली. बेल्जियमच्या लिएज येथील संशोधकांनी 2006 मध्ये हे प्रसिद्ध केले. यात मायक्रोआरएनए बदललेला नाही, बदलले ते त्याचे लक्ष्य. असा बदल डीएनएत कायमचा असतो, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या निवडता येतो. मायक्रोआरएनएची चढउतार होणारी पातळी तशी निवडता येत नाही.

सांगोला-मंगळवेढा भागात दख्खनी आणि बाकदार नाकाची माडग्याळ अशा मेंढ्या पाळल्या जातात. जनुक तपासून निवड करणे दख्खनीला नवे नाही: शेजारच्या फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ मेंढीतील जुळी देणारे फेक-बी जनुक तिच्यात आणले आहे. मेदसंचयासाठीही शोधायचे झाले, तर मायक्रोआरएनएच्या लक्ष्यस्थळांवरचे असे छोटे बदल शोधणे हाच त्यातल्या त्यात कामाचा मार्ग दिसतो.