आवाज जहाजाचा किती, जागेचा किती?

जहाजाचा पाण्याखालचा आवाज मोजण्यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १७२०८ हे मानक आहे. २०१६ साली आलेला त्याचा पहिला भाग खोल पाण्याचा. खोली किमान १५० मीटर किंवा जहाजाच्या लांबीच्या दीडपट, यांतलं जे जास्त असेल ते. पण जहाजांची खरी गर्दी असते बंदराच्या तोंडाशी, आणि तिथे वीस-तीस मीटरवरच तळ लागतो.

तळ जवळ आला की सगळा हिशेब बिघडतो. प्रोपेलरच्या पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटतात, तो मोठ्या जहाजाचा मुख्य आवाज. हा आवाज हायड्रोफोनपर्यंत, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनपर्यंत, सरळ येतो, पृष्ठभागावर आपटून येतो, तळावर आपटूनही येतो. पृष्ठभागावरून परतणारी लाट उलटी होते, शिखराच्या जागी दरी, त्यामुळे खालच्या वारंवारितेचा बराच आवाज तिथेच मारला जातो. तळाचं वागणं गाळ, वाळू की खडक यावर ठरतं. तेच जहाज, तोच वेग, पण वाळूवर एक आकडा आणि मऊ गाळावर दुसरा.

अंतराचा हिशेब तर फारच फसवा. मोकळ्या खोल पाण्यात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. उथळ पाण्यात तो पृष्ठभाग आणि तळ यांच्यात कोंडला जातो, आणि आदर्श स्थितीत उतार फक्त ३ डेसिबलचा. समजा, ८०० मीटरवर मोजून १०० मीटरवरचा आवाज काढायचा आहे. अंतर तीनदा निम्मं झालं, म्हणून मिळवायचे १८ की ९? ९ डेसिबलचा फरक म्हणजे ऊर्जेत आठपट. प्रत्यक्ष उत्तर बहुधा या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं. म्हणून सूत्रावर विसंबण्यापेक्षा, माहीत असलेला आवाज काढणारा ध्वनिक्षेपक समुद्राच्या त्याच भागात पाण्यात सोडून घट तिथेच मोजणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

त्यातही एक गोष्ट हातून निसटतेच. वीस मीटर पाण्यात, खाली वाळू असेल तर, साधारण ४५ हर्ट्झच्या खालचा आवाज दूरवर जाऊच शकत नाही. नोंदीत तो दिसला नाही, म्हणून जहाज तो काढत नव्हतं असं नाही.

उलटा प्रकारही होतो: नसलेला आवाज नोंदला जातो. भरतीचा प्रवाह हायड्रोफोनवरून घासत जातो, ताणलेली केबल थरथरते, आणि ही घरघर नेमकी जहाजाच्याच खालच्या वारंवारितेच्या पट्ट्यात येते. म्हणून हायड्रोफोन तळावरच्या चौकटीत बसवतात आणि शक्यतो पाणी स्थिर असताना मोजतात. जहाज येण्याआधी आणि गेल्यावर नुसत्या समुद्राची नोंद घेतात. जहाजाचा आवाज त्याहून ३ डेसिबलनेही वर नसेल, तर ते माप टाकून द्यायचं. आणखी एक बारकावा. जहाजाची ओळख आणि ठिकाण आपोआप प्रसारित करणाऱ्या एआयएस यंत्रणेतून मिळणारं स्थान सहसा अँटेनाचं असतं, प्रोपेलरचं नव्हे. दोनशे मीटर लांबीच्या जहाजात ही तफावत किरकोळ नाही.

डेसिबल वाचतानाही सांभाळावं. हवेत ते २० मायक्रोपास्कल दाबाच्या तुलनेत मोजतात, पाण्यात १ मायक्रोपास्कलच्या. नुसत्या या संदर्भामुळे २६ डेसिबलचा फरक पडतो, त्यामुळे पाण्यातले १८० डेसिबल विमानाच्या आवाजाशेजारी ठेवणाऱ्या बातम्या निरर्थक असतात.

या आकड्यांवर आता पैसेही ठरतात. कॅनडातलं व्हँकूवर बंदर २०१७ पासून शांत जहाजांना शुल्कात सवलत देतं.