तापानंतर, बाळंतपणानंतर विरळ झालेले केस: दाट व्हायला नेमकं काय लागतं

न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंता दिसला की आधी शाम्पू बदलला जातो, मग तेल. कारण मात्र बहुतेक वेळा दोन-तीन महिने मागे असतं. भाद्रपदात डेंग्यू झाला तर केस दिवाळीनंतर गळतात. टायफॉइड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, महिन्याभरात वजन उतरवायचं म्हणून केलेली उपासमार, सगळ्यांचा हिशेब साधारण हाच.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढत असतात, बाकीचे विश्रांतीत. ही विश्रांती तीनेक महिन्यांची. ती संपली की केस सुटतो आणि त्याच मुळातून नवा वर येतो. रोज ५० ते १०० केस जाणं हा म्हणूनच नेहमीचा खर्च. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि मुदत भरली की एकदम सुटतात. मूळ मरत नाही, जागेवरच असतं. त्यामुळे अशी गळती बहुतेकींची सहा महिन्यांच्या आत आपोआप आवरते.

आधी घरी पाहून घ्या

गळलेला केस काळ्या कापडावर ठेवा. एका टोकाला खसखशीच्या दाण्याहून बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून सुटलाय. गाठ नसेल तर मधेच तुटलाय. तुटण्याची कारणं वेगळी: स्ट्रेटनिंग, ब्लीच, ओल्या केसात फिरवलेला बारीक दातांचा कंगवा.

मग ५०-६० केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे हळू ओढा. दोन-तीन ठिकाणी असं करा. दरवेळी सहाहून जास्त केस हातात आले, तर गळती अजून चालू आहे.

किती केस गेले हे जाळीवरून कळत नाही, दोऱ्याने कळतं. सगळे केस मागे बांधून रबराच्या जागी दोरा गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. घेर ८ सेंटीमीटरवरून ७ वर आला म्हणजे आठवा हिस्सा कमी झाला असं वाटतं. पण केसांची संख्या घेराच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा केस गेलेले असतात. माप महिन्यातून एकदाच घ्या, तेही धुऊन वाळलेल्या केसांचं.

केस धुण्याला घाबरू नका. रोज ८० केस सुटत असतील आणि पाच दिवसांनी न्हायलात, तर एका न्हाण्यात ४०० दिसणारच. ते बघून पुढचं न्हाणं लांबवलं की त्याच्या पुढच्या वेळी आणखी मोठा गुंता दिसतो.

त्वचारोगतज्ज्ञाकडे कधी जायचं

चाईसारखा गोल गुळगुळीत चट्टा पडला, भुवयाही विरळ झाल्या, टाळूवर पू किंवा जाड खपल्या आल्या, भांग वर्षानुवर्षं हळूहळू रुंदावतोय, किंवा गळती सहा महिन्यांपुढे गेली, तर आमच्या दुकानाच्या (आम्ही केसांचं तेल आणि टॉपर विकतो) काउंटरवर वेळ घालवू नका. तपासण्या बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाच्या सांगतात. यात फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो तळाला गेलेला असू शकतो. रिपोर्टवर आकडा ‘नॉर्मल’ छापून येतो, पण केसांसाठी तो ४०च्या वर असावा असं बरेच त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

‘केसांची गोळी’ म्हणून बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा. मोठ्या मात्रेतल्या बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, त्यामुळे किमान दोन दिवस आधी ते थांबवायला सांगतात. खरं तर बायोटिनची कमतरता फार थोड्यांना असते. आम्ही ती गोळी ठेवत नाही.

ताटात काय हवं

५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर घट्ट वरणातून साधारण ७ ग्रॅम मिळतात, अंड्यातून ६, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यातून ७, शंभर ग्रॅम पनीरमधून १८. सकाळी चहा-पोहे आणि दुपारी पोळी-भाजी यात हा आकडा गाठत नाही. साबुदाण्यात तर प्रथिनं जवळपास नसतातच. आठवड्याला दोन उपवास असतील तर त्या दिवशी दूध, दही, दाणे वाढवा.

बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात ते योग्यच, पण लगेच वरून चहा नको. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी टाळा आणि भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह नीट शोषलं जातं. लोहाची गोळीही चहा किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही. रिपोर्ट न पाहता ती मनाने सुरू करू नका, जास्तीचं लोह शरीरातून सहज बाहेर पडत नाही.

तेलाबद्दल

आम्ही तेल विकतो, म्हणून हे आम्हीच सांगितलेलं बरं: तेलाने नवा केस उगवत नाही. खोबरेल केसात मुरतं आणि धुताना केसाची झीज कमी करतं. त्यामुळे तुटणं कमी होतं, एवढंच. लांब केसांना दोन चहाचे चमचे पुरे. न्हाण्याआधी तास-दोन तास, मुख्यतः लांबीवर लावा. तेल चोळताना हातात येणारे केस तेलाने गळत नाहीत, ते आधीच सुटलेले असतात.

कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका. कोंड्याला कारण असलेली बुरशी त्या तेलावरच पोसते. त्यासाठी २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा टाळूवर लावून तीन ते पाच मिनिटं ठेवा, मग धुवा. लावला-धुतला केलं तर पैसे वाया.

मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढायला टाळूवर लावायचं औषध, याबद्दल रोज कुणीतरी विचारतं. तापानंतरच्या गळतीला बहुधा त्याची गरज पडत नाही. डॉक्टरांनी दिलं असेल तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, तेव्हा घाबरून सोडू नका. फरक दिसायला निदान चार महिने जातात. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. घरात मांजर असेल तर उशी आणि हात जपा, तिला ते विषारी आहे.

दाटपणा उशिरा का दिसतो

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. गळती थांबल्यावर तीन-चार महिन्यांनी भांगाच्या कडेला आखूड केस उभे दिसतील. मागे पांढरा कागद धरून टोक बघा: निमुळतं असेल तर केस नवा, बोथट असेल तर तुटलेला. पण हा नवा केस रबरापर्यंत पोचायला वर्ष-दीड वर्ष आणि खांद्यापर्यंत, म्हणजे तीसेक सेंटीमीटर व्हायला अडीच वर्षं लागतात. टाळू पूर्ण भरली तरी वेणी बारीकच राहते ती यामुळे. नेमक्या याच काळात लोक एकामागून एक बाटल्या विकत घेतात.

तोवर केस खांद्यापर्यंत, खाली एका सरळ रेषेत कापून घ्या. लेयर किंवा स्टेप नको, टोकं आणखी विरळ दिसतात. भांग रोज जरा सरकवा. घट्ट पोनी आणि ओढून बांधलेला अंबाडा टाळा. भांग झाकायला हेअर फायबरची पूड चालते, मात्र ती कोरड्या केसावरच टाकायची. टॉपरची (विरळ जागेवर क्लिपने बसवायच्या केसांच्या तुकड्याची) क्लिप रोज एकाच बटेला लावली तर ती बट ओढली जाऊन तिथलेच केस जातात. जागा बदला आणि झोपताना टॉपर काढून ठेवा.

आमच्याकडे टॉपर बघायला येताना केस धुऊन, तेल न लावता या. तेलकट केसावर क्लिप घसरते, आणि रंगही गडद दिसून चुकीची छटा निवडली जाते.