काट्यावर सारख्या, पाण्यात वेगळ्या

परवा भाच्याचा फ्लोरिडाहून मेसेज आला, "मामा, तू आयुष्यभर धातूत काम केलंस, सांग ना, डबल्ससाठी टाक्या स्टीलच्या घेऊ की अल्युमिनियमच्या?" हा मुलगा तिकडे उत्तर फ्लोरिडात जिनी स्प्रिंग्जला पाण्याखालच्या गुहांमध्ये डायव्हिंग शिकतोय, आणि डबल्स म्हणजे पाठीवर घ्यायची श्वासाच्या हवेच्या टाक्यांची जोडी. आणि त्याची आई, म्हणजे माझी ताई, मला दर दोन दिवसांनी विचारते की त्या ऑक्सिजनच्या टाक्या फुटत तर नाहीत ना.

आधी ताईचं घेतो. त्या टाकीत ऑक्सिजन नसतो गं, हवा असते, आपण घेतो तीच, फक्त गाळून, कोरडी करून, कॉम्प्रेसरने दाबून भरलेली. फार तर ऑक्सिजन थोडा वाढवलेली हवा, तिला नायट्रॉक्स म्हणतात. शुद्ध ऑक्सिजन पाण्याखाली ६ मीटरच्या पुढे घेतला तर तोच विषारी ठरून झटके येऊ शकतात. मालवणला स्कूबाच्या बोटीत बसलेले अर्धे लोक "पाठीवर ऑक्सिजन" असंच म्हणतात, म्हणून हे एकदा लिहून टाकलं.

आता डबल्स. दोन सारख्या टाक्या स्टीलच्या पट्ट्यांनी शेजारी शेजारी आवळायच्या आणि वरून मॅनिफोल्ड नावाच्या आडव्या नळीने जोडायच्या. नळीच्या मधोमध एक व्हॉल्व असतो. एका बाजूचा रेग्युलेटर (टाकीतला दाब कमी करून तोंडापर्यंत हवा देणारं यंत्र) बिघडून हवा सोडत सुटला तर तेवढाच बंद करायचा, दोन्ही टाक्यांतली हवा दुसऱ्या रेग्युलेटरने मिळत राहते, आणि टाकीच्या मानेचीच रिंग गेली तर मधला व्हॉल्व बंद करून निदान अर्धी हवा वाचवायची. गुहेत डोक्यावर दगड असतो, सरळ वर येता येत नाही, म्हणून हा खटाटोप. हवेचा हिशोबही तसाच, एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश संकटासाठी.

भाच्याचं म्हणणं होतं की स्टील जड, अल्युमिनियम हलकं, सरळ आहे. इथेच माझ्यातला धातूवाला जागा झाला. कारण अमेरिकेत सगळीकडे दिसणारी अल्युमिनियम ८० ही टाकी आणि गुहावाल्यांची आवडती स्टीलची एलपी ८५ (एलपी म्हणजे लो प्रेशर, आकडे घनफुटांत मावणाऱ्या हवेचे), दोन्ही रिकाम्या काट्यावर ठेवा, दोन्ही साधारण १४ किलो! म्हणजे आपल्या घरगुती सिलेंडरमध्ये जेवढा गॅस येतो तेवढंच वजन.

असं का? अल्युमिनियम स्टीलच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचं, पण ताकदीलाही बरंच कमी. टाकीच्या भिंतीवर येणारा ताण म्हणजे आतलं प्रेशर गुणिले त्रिज्या भागिले भिंतीची जाडी. प्रेशर कमी करता येत नाही, त्रिज्या तीच, मग ताण आटोक्यात ठेवायला जाडीच वाढवावी लागते. स्टीलच्या टाकीची भिंत ४-५ मिलीमीटर, अल्युमिनियमची १२ च्या आसपास. हलका धातू घेतला आणि तो इतका जास्त वापरला की हलकेपणा सगळा संपला.

आता पाण्यात चला. वस्तू तरंगायची की बुडायची हे तिनं किती पाणी बाजूला सारलं त्यावर ठरतं, हे शाळेत आर्किमिडीजनं शिकवलंय. अल्युमिनियमच्या टाकीत आतली जागा ११ लिटर, आणि १४ किलो अल्युमिनियम स्वतःच सव्वापाच लिटर जागा खातं (१४ भागिले २.७). एकूण सव्वासोळा लिटर, म्हणजे सव्वासोळा किलो पाणी बाजूला, वजन १४, टाकी दोन किलोनं वर पळते. स्टीलच्या टाकीत आतली जागा उलट जास्त, १३ लिटर, पण १४ किलो स्टील फक्त १.८ लिटर जागा घेतं. एकूण १५ च्या आत, वर पितळी व्हॉल्व लावला की हिशोब जवळपास शून्यावर. तरंगत नाही, बुडतही नाही.

भाच्याला म्हटलं माझ्यावर विश्वास नको ठेवूस, करून बघ. त्यानं विमानतळावर बॅग तोलायचा तो हुकवाला काटा घेतला, मित्राच्या स्विमिंग पूलमध्ये टाक्या दोरीनं लटकवल्या. रिकामी अल्युमिनियमची टाकी काट्याला लटकेचना, बूड वर करून बाहेर डोकावत राहिली. स्टीलची पाण्यात नुसती लोंबकळत राहिली, काटा शून्याच्या जवळ. व्हिडिओ पाठवलाय, ताईला दाखवला तर म्हणते त्याला थंडी वाजत असेल.

पण खरी गंमत भरलेल्या टाकीत. हवेला वजन नसतं असं कितीतरी शिकलेली माणसं मनात धरून असतात. लिटरभर हवा साधारण १.२ ग्रॅम. स्टीलच्या टाकीत १८२ बारला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण १८२ पट दाबाला, २,३०० लिटरच्या वर हवा मावते, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. डबल्समध्ये साडेपाच किलो! डाइव्ह सुरू करताना हे ओझं अंगावर असतं आणि श्वासागणिक बुडबुड्यांतून निघून जातं. ते धातूवर अवलंबून नाही, तेवढी हवा वापरली की तेवढं हलकं व्हायचंच. धातू फक्त एवढंच ठरवतो की शेवटी तुम्ही कुठे येऊन थांबता. आणि शेवटीच तर ३ मीटरवर स्थिर राहून दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन सोडायचा असतो, तेव्हा टाक्या वर ओढायला लागल्या तर वाट लागली. म्हणून अल्युमिनियमवाले कमरेला शिसं बांधतात.

मग सगळ्यांनीच स्टील घ्यावं का? नाही. जिनीचं पाणी बारा महिने २२ अंश, तासन्‌तास आत राहायचं तर ड्रायसूट (आत पाणी न येणारा सूट) लागतो, त्यात हवा असते, तो भरपूर तरंगतो, त्याला खाली धरायला स्टील बरं. आपल्याकडे गोव्याच्या किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाच्या कोमट पाण्यात ३ मिलीमीटरच्या सूटवर भरलेले स्टील डबल्स घातले आणि पाठीवरची, तरंगत ठेवणारी हवेची पिशवी फाटली, तर ते साडेपाच किलो, पट्ट्या, मॅनिफोल्ड सगळं पाय मारून वर आणायचं. तिथे अल्युमिनियमचे डबल्स आणि वेळ पडल्यास सोडता येईल असं शिसं बरं.

फुटण्याचं म्हणाल तर या टाक्यांची अमेरिकेत दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट होते. टाकीत पाणी भरून कामाच्या प्रेशरच्या पाच तृतीयांश पट दाब देतात, टाकी किंचित फुगते, दाब काढल्यावर ती मूळ आकाराला किती परत येते ते मोजतात. एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांहून जास्त फुगवटा कायम राहिला तर टाकी भंगारात. आपल्या सीएनजी रिक्षांनाही ही टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, पुढे लिंबू-मिरची ताजी असते, मागच्या टाकीची तारीख कोण बघतं! पण भाच्याच्या गुहावाल्यांकडे वेगळीच अंधश्रद्धा आहे. २,४०० पीएसआयची (पीएसआय हेही दाबाचं माप, हे साधारण १६५ बार) टाकी सर्रास ३,६०० ला भरतात, "स्टील आहे, सहन करतं" म्हणे. अरे, टेस्टच ४,००० ला होते, म्हणजे तुम्ही दर शनिवारी जवळपास टेस्टच करताय, तीही पाण्याऐवजी हवेनं, जी फुटली तर खोली उडवेल.

शेवटी त्यानं एलपी ८५ ची जुनी जोडी बघितली, आत टॉर्च टाकून गंज नाही हे बघितलं, आणि टाक्यांच्या खांद्यावरच्या शिक्क्यांचे फोटो मला पाठवले. झूम करून बघतो तर एका टाकीवर टेस्टच्या तारखेपुढे अधिकचं चिन्ह आहे, दुसरीवर नाही. ते चिन्ह असेल तरच १० टक्के जास्त, म्हणजे वरचे १८२ बार, भरता येतं, नाहीतर २,४०० वर थांबायचं, आणि मॅनिफोल्डनं जोडलेल्या दोन टाक्यांत प्रेशर एकच राहणार, म्हणजे दोन्ही २,४०० च्या. सव्वाचारशे लिटर हवा गेली. ३० मीटरवर पाच मिनिटांचा श्वास. विकणाऱ्याला विचारतोय आता, की दुसरी टाकी परत टेस्टला टाकून चिन्ह घेऊन देतोस का.