शाळांमधील सकस आहाराचा प्रसार (महाराष्ट्र)

मुलांच्या खाण्यापिण्याच्या सवयी सुधाराव्यात यासाठी विद्यार्थी, शिक्षक, स्वयंपाकी, पालक आणि शाळेच्या फाटकाबाहेर खाऊ विकणारे या सर्वांना सामावून घेऊन केलेले प्रयत्न या नोंदीत विचारात घेतले आहेत. महाराष्ट्रात या प्रयत्नांच्या दोन धारा दिसतात. उपाशीपोटी वर्गात बसणाऱ्या मुलाला दुपारचे ताजे जेवण मिळावे, ही पहिली धारा जिल्हा परिषद, महानगरपालिका आणि अनुदानित शाळांमध्ये रुजली. तेल, मीठ व साखर यांचा अतिरेक असलेल्या पदार्थांपासून मुलांना दूर ठेवण्याची दुसरी धारा मुख्यतः शहरी शाळांच्या उपाहारगृहांच्या संदर्भात पुढे आली. मात्र वाडीवस्तीवरच्या दुकानातही वेफर्सची पुडी टांगलेली असते, त्यामुळे ही विभागणी आता पुरेशी राहिलेली नाही. सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६–१८) देशातील ५ ते ९ वयोगटातील सुमारे २२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली, तर १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले कृश आणि ५ टक्के मुले स्थूलतेकडे झुकलेली होती.

शाळेत जेवण देण्याची परंपरा दक्षिणेत जुनी आहे. तमिळनाडूत मुख्यमंत्री के. कामराज यांच्या कारकीर्दीत ती राज्यभर पसरली आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिला व्यापक रूप दिले. केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या वेळी महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न मिळत नसे. महिन्यातील ८० टक्के उपस्थिती भरली की विद्यार्थ्याच्या घरी तीन किलो धान्य जाई. ते घरच्या डब्यात मिसळून सर्वांच्या पोटात जाई, त्यामुळे त्या मुलाच्या वाट्याला नेमके किती आले, हे कोणालाच सांगता येत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि योजनेचे स्वरूप पालटले. पुढे ती आठवीपर्यंत वाढली, २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तिला हक्काचे अधिष्ठान मिळाले आणि २०२१ पासून ती ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालते. गावात मात्र तिला आजही ‘खिचडी’च म्हणतात.

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. त्यासाठी अनुक्रमे १०० व १५० ग्रॅम तांदूळ, २० व ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० व ७५ ग्रॅम भाजी आणि ५ व ७.५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. तांदूळ केंद्राकडून येतो. धान्याखेरीजच्या साहित्यासाठी मे २०२५ पासून प्रतिविद्यार्थी दररोज अनुक्रमे ६ रुपये ७८ पैसे आणि १० रुपये १७ पैसे असा दर लागू झाला. डाळ, तेल, मसाला, भाजी आणि इंधन या सर्वांचा खर्च त्यातच बसवायचा असतो. या हिशेबात सर्वांत आधी भाजीला कात्री लागते. तांदूळ-डाळ पोत्यात टिकते, भाजी मात्र बाजारभावाने ताजी घ्यावी लागते, आणि अनुदान यायला उशीर झाला की मुख्याध्यापकाला ती पदरमोड करून किंवा दुकानदाराकडून उधारीवर आणावी लागते. ५० ग्रॅम भाजीचा निकष पावसाळ्यात टोमॅटो-कोथिंबिरीचे भाव चढल्यावर कागदावर राहतो, तो या कारणाने.

यावर महाराष्ट्रातील अनेक शाळांनी शोधलेला उपाय म्हणजे परसबाग. मुले ताटल्या विसळतात तेथील पाणी चर काढून वाफ्यांकडे वळवायचे, कुंपणावर दुधी आणि लाल भोपळ्याचे वेल चढवायचे, कोपऱ्यात शेवगा व कढीपत्ता लावायचा आणि वाफ्यांत पालक, मेथी, मुळा घ्यायचा, अशी तिची साधारण मांडणी असते. उत्पादन रोजच्या गरजेला क्वचितच पुरते. शंभर मुलांना पाच किलो भाजी लागते आणि चार वाफ्यांतून ती रोज निघत नाही. तिचा खरा उपयोग वेगळाच आहे. आपण लावलेल्या आणि पाणी घातलेल्या रोपाचा पाला खिचडीत आला की, एरवी पालक बाजूला सारणारी मुलेही तो खातात, असा शिक्षकांचा अनुभव आहे. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालायला कोणी नसल्याने बागा करपतात, ही या उपक्रमाची ठळक उणीव होय.

पाककृतींबाबत धोरण अनेकदा बदलले आहे. जून २०२४ मध्ये राज्य शासनाने तीन संरचित आहार पद्धत स्वीकारली : भाताचा प्रकार, मोड आलेले कडधान्य आणि खीर किंवा नाचणी सत्त्वासारखा गोड पदार्थ. मोडांचा समावेश पोषणदृष्ट्या योग्यच होता, कारण मटकी-मुगाला मोड आणल्याने जीवनसत्त्व क वाढते आणि लोह शोषले जाण्यातील अडथळा कमी होतो. मात्र त्यासाठी आदल्या दिवशी कडधान्य भिजवून, उपसून, फडक्यात बांधून ठेवावे लागते. एकाच चुलीवर तीन पदार्थ करणे अनेक शाळांना जमले नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये ही पद्धत मागे घेण्यात आली. अंड्याचेही तसेच झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्यांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय झाला; काही पालकांनी व संघटनांनी विरोध केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंडी व साखर यांसाठी स्वतंत्र निधी देण्याचे थांबवून ती लोकसहभागातून द्यावीत असे सुचवले. उत्तम प्रतीची प्रथिने इतक्या स्वस्तात देणारा दुसरा पदार्थ सहसा सापडत नाही, हे पाहता हा निर्णय पोषणाच्या बाजूने समर्थनीय वाटत नाही. ज्या गावात वर्गणी जमणे कठीण, त्याच गावातील मुलांना अंड्याची गरज अधिक असते.

पालकांचा विश्वास मिळवल्याशिवाय चांगला बदलही रुजत नाही, याचे उदाहरण म्हणजे पोषणमूल्यवर्धित तांदूळ. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल व जीवनसत्त्व ब१२ मिसळून केलेले दाणे साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात घालतात. हे दाणे पाण्यावर तरंगताना दिसल्याने तो ‘प्लास्टिकचा तांदूळ’ आहे, अशी आवई अनेक गावांत उठली. बायका सुपात ते दाणे वेचून टाकू लागल्या, म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेवढेच नेमके बाहेर जाऊ लागले. जेथे शिक्षकांनी पालकसभेत तो तांदूळ शिजवून दाखवला आणि स्वतः खाल्ला, तेथे शंका लवकर फिटली.

जेवणाची प्रत्यक्ष मदार स्वयंपाकी तथा मदतनीस यांच्यावर असते. २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन आणि पुढील प्रत्येक शंभरास एक, असे त्यांचे प्रमाण आहे. या बहुतेक महिला असून त्यांचे मानधन राज्यात महिन्याला २,५०० रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये या कामासाठी दलित व आदिवासी महिलांना प्राधान्य देण्यास सांगितले. त्यामुळे श्लोक म्हणून एका पंगतीत बसणे हा केवळ शिस्तीचा भाग उरला नाही. कोणाच्या हातचे खायचे, हा गावातला जुना प्रश्नही त्या पंगतीत येऊन बसला.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील गंडामन येथे कीटकनाशकमिश्रित जेवणाने २३ मुले दगावली. तेव्हापासून वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेण्याचा दंडक अधिक काटेकोर झाला. चव घेणाऱ्याने चव नोंदवहीत वेळ व अभिप्राय लिहून सही करायची असते. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनीही अधूनमधून चव घ्यावी, अशी अपेक्षा आहे. नोंदवहीत महिनाभर एकाच हस्ताक्षरात ‘उत्तम’ दिसले की तपासणी करणाऱ्याने सावध व्हावे, हे उत्तम.

उपाहारगृहांबाबत राज्य शासनाने मे २०१७ मध्ये चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर व शीतपेये यांना शाळेत मनाई करून इडली, उपमा, खिचडी यांसारखे पदार्थ सुचवले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी ही बंदी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत नेली. या नियमाचा रोख मेद, मीठ व साखर जास्त असलेल्या पदार्थांवर आहे, विक्रेत्यांवर सरसकट नाही. हा भेद न पाळता हातगाड्या हटवल्या तर पेरू, बोरे आणि आवळे विकणारी आजीही जाते, आणि पन्नास मीटरच्या पलीकडे किराणा दुकानात पुड्या लटकतच राहतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले. खासगी शाळांत डब्याचे वेळापत्रकही असते : सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी थालीपीठ वगैरे. ते घरी सकाळी सातच्या आत डबा भरणाऱ्याला विचारून ठरवलेले असेल, तरच पाळले जाते.