दुधातून आलेला मृत्यू

नॅन्सी हँक्स लिंकन ५ ऑक्टोबर १८१८ रोजी वारली, तेव्हा तिचं वय अवघं ३४ होतं. मुलगी सेरा अकरा वर्षांची, मुलगा अब्राहम नऊ वर्षांचा. तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, म्हणून तिचं नाव आपल्यापर्यंत पोचलं. विषारी दुधातून होणाऱ्या ज्या आजाराने ती गेली, त्याच आजाराने त्या काळात ओहायो नदीच्या खोऱ्यात हजारो माणसं गेली. बहुतेकांची नावंही उरली नाहीत.

लिंकन कुटुंब १८१६ च्या डिसेंबरात केंटकी सोडून दक्षिण इंडियानातल्या लिटल पिजन क्रीक या वस्तीवर आलं होतं. सभोवती दाट जंगल. झाडं तोडायची, ओंडक्यांचं घर उभारायचं, मोकळ्या केलेल्या तुकड्यात मका पेरायचा. कुंपण घातलेली कुरणं नव्हती, त्यामुळे गुरं रानात मोकळी चरत. दूध आणि लोणी हा रोजच्या जेवणाचा भाग होता. १८१८ च्या उन्हाळ्याअखेरीस वस्तीत साथ आली. नॅन्सीचे मावशी आणि काका, एलिझाबेथ आणि थॉमस स्पॅरो, सप्टेंबरात गेले. नॅन्सीने आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि मग तिनेही अंथरूण धरलं. जवळपास डॉक्टर नव्हता; पण असता तरी त्याच्या हाती काही नव्हतं, हे आज म्हणावंच लागतं.

लोक या आजाराला ‘मिल्क सिकनेस’ म्हणत. म्हणजे संशय दुधावर होताच. पण दुधात नेमकं काय येतं आणि कुठून येतं, ते कळत नव्हतं.

ते येत होतं ‘व्हाइट स्नेकरूट’ नावाच्या रानटी झुडपातून. शास्त्रीय नाव अ‍ॅजेराटिना अल्टिसिमा. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती कंबरेएवढी वाढते, झाडांच्या सावलीत रुजते आणि उन्हाळा संपता संपता तिला पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर माजणारी रानमोडी हिची दूरची नातलग. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी दोघींना एकाच प्रजातीत (जीनसमध्ये), म्हणजे युपेटोरियममध्ये, धरत. गुरं एरवी हिला फारसं तोंड लावत नाहीत. गवत सुकलं, दुसरा चारा मिळेनासा झाला, की मात्र खातात. साथी उन्हाळ्याअखेरीस आणि शरदात का येत, याचं उत्तर यातच आहे.

आता यातला सर्वांत क्रूर भाग. या वनस्पतीतलं विष चरबीत विरघळतं, त्यामुळे ते दुधातल्या स्निग्धांशात उतरतं. भाकड गाय किंवा बैल हे झुडूप खाऊन थरथर कापायला लागतो, पाय लटपटतात, जनावर कोसळतं. दुभत्या गाईच्या शरीरातून मात्र विष दुधावाटे बाहेर पडत राहतं. ती धडधाकट दिसते. आजारी पडतं तिचं वासरू आणि ते दूध पिणारं घर. गाईकडे बघून धोका ओळखण्याची सोयच नव्हती. माणसाला आधी कमालीचा थकवा येतो, मग उलट्या, पोटदुखी, बद्धकोष्ठता. शरीराचं ऊर्जा मिळवण्याचं चक्र बिघडतं, रक्तातली आम्लं वाढतात, श्वासाला अ‍ॅसिटोनचा वास येतो. शेवटी रुग्ण बेशुद्धीत जातो.

हे कोडं पहिल्यांदा कुणी उलगडलं? इलिनॉयच्या हार्डिन काउंटीत अ‍ॅना बिक्सबी ही सुईण आणि वैदू म्हणून काम करायची. साथ ठरावीक ऋतूतच येते हे तिच्या ध्यानात आलं होतं. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, की शॉनी या मूळ अमेरिकी जमातीतल्या एका वृद्ध स्त्रीने तिला हे झुडूप दाखवलं, तिने ते वासराला चारून खात्री केली आणि शेजाऱ्यांकडून ते उपटून काढवलं. त्या वृद्धेचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. ओहायोतला शेतकरी जॉन रो यानेही १८३० च्या दशकाच्या अखेरीस याच झुडपाकडे बोट दाखवलं. पण सिनसिनाटीचे नामांकित डॉक्टर डॅनियल ड्रेक यांना ते पटलं नाही. त्यांचा संशय ‘पॉयझन आयव्ही’ या दुसऱ्याच वनस्पतीवर होता. मला या इतिहासात सर्वांत जास्त बोचतं ते हेच. रानात वावरणाऱ्यांनी, गुरं राखणाऱ्यांनी आणि सुईणीने जे पाहिलं होतं, त्याला पुस्तकी वैद्यकात जागा मिळाली नाही, आणि माणसं मरत राहिली.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ जेम्स काउच यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस या झुडपातून विषारी अंश वेगळा काढला आणि त्याला ‘ट्रेमेटॉल’ म्हटलं. तो एकच पदार्थ नसून अनेक संयुगांचं मिश्रण आहे, हे नंतर स्पष्ट झालं. त्यातलं एक प्रमुख संयुग म्हणजे ट्रेमेटोन. नॅन्सीच्या मृत्यूला तेव्हा शंभराहून अधिक वर्षं झाली होती. तोवर साथी बऱ्याच ओसरल्याही होत्या: जंगलं तुटली, गुरं कुंपणात आली आणि डेअरीत अनेक गोठ्यांचं दूध एकत्र मिसळल्याने विषाची मात्रा क्षीण झाली.

झुडूप मात्र आजही पूर्व अमेरिकेच्या रानात सर्रास उगवतं. त्याने घोडे आणि शेळ्या अजूनही दगावतात. १९६३ मध्ये, रोग इतिहासजमा झाला असं मानलं जात असताना, माणसांतल्या ट्रेमेटॉल विषबाधेची नोंद अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पुन्हा आली. रानालगत एकदोन गाई-शेळ्या पाळून त्यांचंच दूध पिणाऱ्या कुटुंबांना हा धोका आजही आहे, कारण त्यांच्या भांड्यातलं दूध दुसऱ्या कुठल्या दुधात मिसळत नाही.