ग्लायडरची भारमर्यादा

इंजिन नसलेल्या विमानाने (ग्लायडरने) एकूण किती वजन न्यावे आणि त्यातले किती वैमानिकाच्या वाट्याला यावे, हे ठरवणाऱ्या मर्यादांना मिळून भारमर्यादा म्हणतात. कमाल वजनातून रिक्त वजन वजा केले की वैमानिकाचा भार मिळतो, असे सर्रास मानले जाते. ते अपुरे आहे. एकूण कमाल वजन, उत्थापन (वर उचलणारे बल) न देणाऱ्या भागांचे, म्हणजे पंख सोडून वैमानिकासह उरलेल्या सर्वांचे, कमाल वजन, आसनाची मर्यादा आणि गुरुत्वमध्याची कक्षा (तो ज्या पुढच्या-मागच्या हद्दीत राहावा ती) या चारही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात आणि त्यांतली सर्वांत कडक अट लागू होते. उदा., जर्मनीच्या श्लायशर कंपनीचे दोन आसनी एएसके २१ (पहिले उड्डाण १९७९) साधारण ३६० किग्रॅ. रिक्त वजनाचे असून त्याचे कमाल वजन ६०० किग्रॅ. आहे. वजाबाकी २४० येते, पण प्रत्येक आसनाला ११० किग्रॅ.ची मर्यादा असल्याने दोघांचे मिळून २२० च भरतात.

दुसऱ्या, म्हणजे उत्थापन न देणाऱ्या भागांच्या अटीबद्दल गैरसमज फार आहेत. उडताना पंखांना वर उचलणारे बल त्यांच्या संपूर्ण लांबीवर पसरलेले असते, तर धड, शेपूट, उपकरणे आणि वैमानिक यांचे वजन मधोमध लोंबते. त्यामुळे पंखाच्या मुळाशी नमन परिबल (वाकवणारे परिबल) निर्माण होते. पंखाचे स्वतःचे वजन जागच्या जागी उत्थापनाच्या विरुद्ध काम करते, म्हणून ते मुळावरचा ताण कमी करते. पंखांत पाणी भरले (जलभार) तरी तेच होते. म्हणूनच पाण्यासह एकूण वजन पुष्कळ वाढवता येते, पण वैमानिकाच्या वजनाला ती सवलत मिळत नाही.

वापरलेल्या ग्लायडरच्या बाबतीत या अटीला विशेष महत्त्व येते. समजा, एका एक आसनी ग्लायडरचे रिक्त वजन २५० किग्रॅ. होते, पैकी पंख १३० आणि उरलेले भाग १२०. वीस-पंचवीस वर्षांत नवा रंग, दुरुस्त्या, रेडिओ व बॅटऱ्या यांमुळे ते २६२ झाले (पंख १३४, इतर १२८). पाण्याविना कमाल वजन ३८० असेल तर ११८ उरतात. आसनाची मर्यादा ११०. पण उत्थापन न देणाऱ्या भागांची मर्यादा २३२ असेल तर हाती फक्त १०४ राहतात. त्यातून पॅराशूटचे सुमारे ७ आणि बूट, कपडे, पाण्याची बाटली यांचे ३–४ गेले, की अंगाचे वजन ९३ च्या आसपास असावे लागते. जाहिरातीतला आकडा बहुधा कारखान्यातून बाहेर पडतानाचा असतो. विश्वास ठेवायचा तो शेवटच्या वजन-नोंदीवर आणि कॉकपिटमधल्या पाटीवर.

हलक्या वैमानिकाची अडचण उलटी असते. वजन कमी पडले की गुरुत्वमध्य मागे सरकतो, ग्लायडर अस्थिर होतो आणि गिरकीतून (स्पिन) बाहेर काढणे अवघड, प्रसंगी अशक्य होते. म्हणून पाटीवर किमान भारही लिहिलेला असतो. पुष्कळदा तो ७० किग्रॅ. असतो. शेपटीवरची दुरुस्ती येथे महागात पडते. गुरुत्वमध्याच्या मागच्या मर्यादेपासून शेपूट ३·८ मी. आणि वैमानिक ०·९ मी. अंतरावर असेल, तर शेपटीत वाढलेल्या १ किग्रॅ.साठी पुढे ४ किग्रॅ.पेक्षा जास्त भर घालावी लागते. ही तूट आसनाखाली किंवा पुढे पक्के बसवलेले शिसे भरून काढते. सुटी उशी किंवा वाळूची पिशवी चालत नाही.

वजन करताना मुख्य चाक एका काट्यावर आणि शेपूट दुसऱ्यावर ठेवतात, धडावर ठराविक उताराची लाकडी पाचर ठेवून ग्लायडर नेमक्या कोनात आणतात. शेपटीच्या काट्यावरील आकडा गुणिले दोन टेकूंमधील अंतर, भागिले एकूण वजन, म्हणजे गुरुत्वमध्य चाकाच्या आसाच्या किती मागे ते मिळते. हे काम हँगरची दारे लावून करावे. वाऱ्याची झुळूकही पंखांवर थोडे उत्थापन निर्माण करून काटा खोटा पाडते.

थोडा जादा भार सुरक्षा-गुणकात (रचना मर्यादेच्या १·५ पट भार सोसेल अशी ठेवलेली राखीव ताकद) सामावतो, असे मत वैमानिकांत ऐकू येते. पण हा गुणक साहित्य व बांधणीतील अनिश्चिततेसाठी आहे, वापरण्यासाठी नव्हे, ही भूमिका अधिक ग्राह्य वाटते. जुन्या सांगाड्यात थकव्याचाही (वारंवारच्या भाराने साहित्य कमजोर होण्याचा) प्रश्न असतो. जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात एका ब्लानिक एल-१३ ग्लायडरचा पंख उड्डाणात तुटला व त्यानंतर या प्रकारच्या विमानांची उड्डाणे थांबवावी लागली. दोष पंखाच्या मुख्य तुळईच्या थकव्याचा होता, जादा भाराचा नव्हे.

जुन्या बांधण्यांत वाव मुळातच कमी होता. १९३० च्या दशकातील ग्रुनाऊ बेबी २ ब या ग्लायडरचे रिक्त वजन सुमारे १७० व कमाल २५० किग्रॅ. धरल्यास पॅराशूटसह ८० च उरतात. ग्लायडरच्या रचनेचे यूरोपातील सध्याचे नियम सीएस-२२ (२००३) या नावाने ओळखले जातात. त्याआधी जेएआर-२२ होते.

भारतात १९६१ मध्ये उडालेल्या रोहिणी या दोन आसनी ग्लायडरची आसने शेजारी-शेजारी होती. अशा रचनेत दोन्ही आसने गुरुत्वमध्याच्या पुढे असली, तर एकट्याच्या व जोडीच्या उड्डाणात गुरुत्वमध्य बराच हलतो. एकामागे एक आसने असल्यास मागचे त्याच्याजवळ येत असल्याने फरक कमी पडतो. महाराष्ट्रात पुण्याजवळ हडपसर येथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे.