हिंडेनबुर्ग, पाउल फोन
हिंडेनबुर्ग, पाउल फोन : (२ ऑक्टोबर १८४७ – २ ऑगस्ट १९३४). जर्मन फील्डमार्शल व पुढे वायमार प्रजासत्ताकाचा (पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाचा) राष्ट्राध्यक्ष. त्याचा जन्म पोझेन (सध्याचे पोलंडमधील पोझ्नान) येथे झाला. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या आणि १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धांत तो लढला व १९११ मध्ये निवृत्त होऊन हानोव्हरला राहू लागला. पहिले महायुद्ध झाले नसते, तर त्याचे नाव लष्करी दप्तराबाहेर फारसे कोणाला ठाऊक झाले नसते.

ऑगस्ट १९१४ मध्ये रशियन फौजा पूर्व प्रशियात शिरल्या. तेथील सेनापती प्रिटव्हिट्स माघारीची भाषा बोलू लागताच त्याला दूर करून आठव्या सैन्याची सूत्रे सहासष्ट वर्षांच्या हिंडेनबुर्गकडे देण्यात आली आणि बेल्जियममधील लीएझच्या लढाईत नाव कमावलेला एरिक लूडेनडोर्फ त्याचा स्टाफप्रमुख झाला. २६ ते ३० ऑगस्टच्या लढाईत सॅमसोनोव्हचे रशियन सैन्य वेढले गेले, सुमारे ९०,००० सैनिक कैद झाले व सॅमसोनोव्हने आत्महत्या केली. बऱ्याच हालचाली माक्स होफमान या अधिकाऱ्याने नवे सेनापती पोहोचण्यापूर्वीच आखल्या होत्या; श्रेय मात्र हिंडेनबुर्गला मिळाले. लढाईला टॅननबर्गचे नाव देण्यात आले, तेही हेतुपुरस्सर : १४१० मध्ये त्याच परिसरात ट्यूटॉनिक सरदारांचा (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचा) पोलंड-लिथुएनियाने पराभव केला होता, त्याची ही भरपाई मानली गेली. १९१५ मध्ये बर्लिनमध्ये त्याचा प्रचंड लाकडी पुतळा उभा राहिला आणि युद्धनिधीला पैसे देऊन लोक त्यात खिळे ठोकू लागले.

ही लोकप्रियताच त्याचे राजकीय हत्यार ठरली. सेनाप्रमुख फाल्केनहाइन पश्चिम आघाडीला प्राधान्य देत असे, तर हिंडेनबुर्ग व लूडेनडोर्फ यांना निर्णायक विजय पूर्वेकडे मिळेल असे वाटे. जानेवारी १९१५ मध्ये हिंडेनबुर्गने फाल्केनहाइनच्या हकालपट्टीची मागणी करून राजीनाम्याची भाषा केली. कैसर (जर्मन सम्राट) दुसरा विल्हेल्म संतापला, पण एवढ्या लोकप्रिय सेनानीला घरी पाठविणे त्याला परवडणारे नव्हते. फ्रान्समधील व्हर्दूनच्या लढाईतील रक्तपात आणि रूमानियाचे युद्धात उतरणे यांनंतर २९ ऑगस्ट १९१६ रोजी हिंडेनबुर्ग सेनाप्रमुख झाला. या नेमणुकीसाठी खटपट करणारा चॅन्सेलर (सरकारचा प्रमुख) बेटमान होल्व्हेग याच जोडीच्या राजीनाम्याच्या धमकीमुळे जुलै १९१७ मध्ये पायउतार झाला.

पुढे ही जोडीही फुटली. ऑक्टोबर १९१८ मध्ये लूडेनडोर्फला जावे लागले, हिंडेनबुर्ग मात्र पदावर राहिला. लूडेनडोर्फने हे कधीच विसरले नाही. १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत लूडेनडोर्फला सव्वा टक्काही मते पडली नाहीत. दुसऱ्या फेरीत उतरलेला हिंडेनबुर्ग निवडून आला. १९३२ मध्ये त्याने हिटलरला हरविले आणि ३० जानेवारी १९३३ रोजी त्यालाच चॅन्सेलर नेमले. नॉयडेक येथे त्याचे निधन झाल्यावर त्याला टॅननबर्गच्या स्मारकात पुरण्यात आले.